नाताळचा खरा आनंद घ्यायचाय? मग २५ तारखेची वाट बघत बसू नका

डिसेंबर लागला की केक, स्टार, सेल, कुलकुलचा फराळ यातच आपला दम निघतो आणि ज्याचा बर्थडे तो येशूच राहतो बाजूला, म्हणून सुरुवात आगमन काळापासूनच करा, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. चार मेणबत्त्या घ्यायच्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी, आणि दर रविवारी एकेक वाढवत पेटवायच्या. गुलाबी तिसऱ्या रविवारची, तो आनंदाचा रविवार. रीत चर्चमधली आहे, पण कोणीही करावी, कोण अडवतंय!

येशूच्या जन्माचा देखावा, म्हणजे गोठा करताना त्याचे आईबाप मरिया, योसेफ, मेंढपाळ, गुरं सगळं मांडा पण गव्हाणी रिकामी ठेवा, बाळ येशू २४ च्या रात्रीच. पोरं रोज विचारणार बाळ कधी येणार, अर्धं काम तिथेच झालं.

त्या रात्री मोबाइल ठेवून बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिली २० वचनं, मोठ्याने वाचा, पाच मिनिटंही लागत नाहीत. बघा, जन्माची बातमी पहिली राजाला नाही मिळत, रात्रपाळीला कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळते. मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. त्यामुळे फराळाचं पहिलं ताट नातेवाइकांच्या आधी सोसायटीच्या नाइट ड्युटीवाल्या वॉचमनला द्या, आणि नुसतं देऊन पळू नका, दोन मिनिटं बोला.

आणि २६ ला लगेच गोठा काढू नका, बाळाला भेटायला आलेल्या तीन ज्ञानी लोकांचा सण ६ जानेवारीच्या आसपास असतो, तोपर्यंत राहू दे.