लिनियर जोडताना आधी बारीक वायर बघा

परवाना हातात आला की नव्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, लिनियरची (रेडिओची पॉवर वाढवणाऱ्या अँप्लिफायरची) ओढ लागतेच. रेडिओ 100 वॅटचा आणि जनरल ग्रेडच्या परवान्याला मुभा 400 वॅटची, मग का नाही? पण 100 चे 400 केले तर वाढतात 6 डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर एक एस-युनिट, एकच पायरी. डायपोल (साधी तारेची अँटेना) नीट उंच बांधला तर पुष्कळदा तेवढा फरक त्यानेच पडतो. म्हणून अँटेनाचं काम आधी.

मी भुसावळला ज्यांच्याकडे शिकलो, ते अँटेनाच्या जाड कोअॅक्स केबलपेक्षा मागच्या आरसीए सॉकेटात जाणाऱ्या बारीक वायरीला जास्त जपायचे. पीटीटी, म्हणजे माइकचं बोलायचं बटण, दाबला की हीच वायर लिनियरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढते. पहिल्या दिवशी मी प्लग हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, "थांब भाऊ, आधी मीटर लाव." लिनियर चालू केला, लाल प्रोब सॉकेटच्या मधल्या पिनला, काळा बॉडीला. हिथकिटच्या एसबी-220 सारख्या जुन्या व्हॉल्व्हच्या लिनियरवर तिथे 120 व्होल्टच्या आसपास दिसतात. आजच्या बहुतेक रेडिओंचं कीइंग आउटपुट, म्हणजे ही वायर जिथे लागते तो रेडिओचा सॉकेट, एवढ्यासाठी केलेलंच नसतं, एका दाबात ते जळू शकतं. रेडिओच्या मॅन्युअलमध्ये त्या सॉकेटची व्होल्ट-अँपियरची मर्यादा दिलेली असते. मीटरचा आकडा तिच्यापेक्षा जास्त असेल तर मध्ये 12 व्होल्टचा छोटा रिले टाका आणि त्याच्या कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नका. एवढ्या स्वस्तात महागडा रेडिओ वाचतो. मात्र लिनियरचं झाकण उघडू नका. आत प्लेटला हजारो व्होल्ट असतात आणि मेन्स बंद केल्यावरही कॅपॅसिटर भरलेले राहतात.

एएलसीची वायर, जिच्यावरून लिनियर रेडिओला पॉवर कमी करायला सांगतो, बरेच जण लावतच नाहीत, मीही नाही. ड्राइव्ह, म्हणजे लिनियरला मिळणारी पॉवर, रेडिओच्या सेटिंगवरूनच कमी ठेवायचा. पण काही रेडिओ पॉवर कमी केलेली असली तरी पहिल्या क्षणी पूर्ण जोराचा झटका देतात, आणि ट्रान्झिस्टरवाल्या लिनियरला तो सोसत नाही. घेण्याआधी आपल्या मॉडेलबद्दल जुन्या मंडळींना विचारा.

रेडिओतला ट्यूनर (अँटेना जुळवून घेणारा भाग) बंद ठेवा. त्याला फक्त लिनियरचं इनपुट दिसतं, अँटेना नाही. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) आणि वेगळा ट्यूनर लिनियरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला, तेही त्या पॉवरला झेपणारे. पहिली चाचणी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर), 10 वॅटपासून.

आता आपल्याकडचं. 400 वॅट काढायला भिंतीतून साधारण किलोवॅटभर खेचला जातो. रावेर-यावलकडे केळीच्या मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज खाली बसतं, म्हणून बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढून घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या रॉडला अधूनमधून पाणी घालत चला. मे महिन्यात खोलीतच 40 च्या वर पारा असताना एफटी8 वर (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) पॉवर निम्मी ठेवा, आणि क्यूएसओ, म्हणजे संभाषण, संपल्यावर पंखा पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या.