लाल भोपळ्याचे मसालेदार ओट्स
शरदातल्या सणाच्या सकाळी दोघांना पुरतील असे हे ऊबदार ओट्स करताना भोपळ्याच्या फोडी पाण्यात न उकडता वाफवाव्यात, कारण उकडलेला भोपळा पाणी धरतो आणि चव पातळ होते. मग त्यांचा अर्धा कप गर घोटून घ्यावा. चमचाभर लोण्यावर अर्धा चमचा दालचिनीपूड, पाव चमचा सुंठ आणि चिमूटभर जायफळ मंद आचेवर काही सेकंदच परतावे, कारण मसाल्यांचा सुगंध स्निग्ध पदार्थात खुलतो, मात्र पूड करपल्यास आलेला कडवटपणा कशानेही झाकत नाही. त्यात गर, १ कप चपटे ओट्स, प्रत्येकी १ कप दूध व पाणी आणि किंचित मीठ घालून ५ ते ७ मिनिटे ढवळत शिजवावे. भोपळा मुळातच गोडसर असल्याने साखर शेवटी, चाखूनच घालावी. वर भाजलेले अक्रोड हवेतच. ओट्स निवताना घट्ट होतात, म्हणून किंचित सैल असतानाच उतरवावेत.