लाल एलईडीला किती अँपिअर झेपतात?

रात्रीच्या विजेवर पाणी भरताना लागणारा लाल टॉर्च घरी बनवायचा, तर एलईडीची करंट मर्यादा आधी तपासा. एलईडी थेट उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या बोर्डावर सोल्डर करा. खाली थर्मल पेस्टचा (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाचा) पातळ थर आणि जाड हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा. स्वस्त अ‍ॅल्युमिनियम बोर्डावर एलईडीचा नव्हे, बोर्डाचाच दम कळतो.

बेंच पॉवर सप्लाय (करंट आणि व्होल्टेज ठरवून देता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा) स्थिर करंटवर ठेवा, व्होल्टेज मर्यादा ३.५ व्होल्ट. अंधाऱ्या खोलीत लक्समीटर (उजेड लक्समध्ये मोजणारे यंत्र) एलईडीपासून १ मीटरवर पक्का बसवा. ०.२५ अँपिअरपासून तेवढ्याच पायऱ्यांनी चढा. दर पायरीला ३० सेकंद थांबून लक्स आणि व्होल्टेज लिहा. व्होल्टेज मात्र एलईडीच्या पॅडवरच (सोल्डरच्या टोकांवर), वेगळ्या तारांनी मोजा; नाहीतर वायरमधली घटही त्यात धरली जाते.

लक्स आधी भरभर वाढतो, मग मंदावून थांबतो, मग उतरतो. उतरला की सप्लाय बंद! हा माथा म्हणजे सुरक्षित मर्यादा नव्हे. माथ्यावरच्या करंटच्या ६० ते ७० टक्क्यांवर थांबावे. लाल एलईडी पांढऱ्यापेक्षा उष्णतेला फार हळवी: तापली की उजेड घटतो, रंगही गडद होतो. थंड झाल्यावर पहिली पायरी पुन्हा मोजा. लक्स घटला असेल तर ती एलईडी बाद.

थंडीतला आकडा जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात चालत नाही, तेव्हा अजून थोडा उतरवा. आणि ४.२ व्होल्टचा भरलेला लिथियम सेल थेट जोडू नका. लाल एलईडीला सुमारे २ ते २.५ व्होल्ट पुरतात, त्यामुळे करंट बेफाम वाढतो. स्थिर करंटचा ड्रायव्हर, म्हणजे करंट ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारे सर्किट, हवाच.