ताग-धैंचा पेरताय? मग गाडायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर मांडा

ज्यांचा पूर्वहंगामी ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागणार आहे त्यांचं रान आता चार महिने रिकामं पडणार, त्यात हिरवळीचं खत (ताग-धैंचासारखं पीक वाढवून हिरवं असतानाच रानात गाडायचं) घ्या हे दरवर्षी सगळेच सांगतात आणि बरेच जण पेरतातही. घोटाळा पेरणीत नाही, गाडण्यात होतो. ताग कमरेला लागला, छातीला लागला, अजून वाढू दे म्हणजे जास्त खत मिळेल असं म्हणत म्हणत फुलं येऊन जातात, शेंगा धरतात आणि मग जे गाडलं जातं ते खत नसतं, काड्या असतात.

कारण सोपं आहे. कुजवायचं काम करणारे जीवाणू कर्ब खातात पण त्याच्या जोडीला त्यांना नत्रही लागतं, साधारण चोवीस भाग कर्बाला एक भाग नत्र. कोवळ्या तागात नत्र भरपूर, म्हणून तो पटकन कुजतो आणि उरलेलं नत्र पिकाला मिळतं. निबर झालेल्या खोडात कर्बच कर्ब, मग हेच जीवाणू नत्राची तूट जमिनीतून भरून काढतात आणि उगवलेला ऊस पिवळा पडतो. आपण म्हणतो हिरवळीचं खत मानवलं नाही!

म्हणून पेरल्यापासून 45-50 दिवस, कळी दिसायला लागली की गाडा. पण भरपूर पावसाच्या भागात जूनच्या सुरुवातीला पेरलं तर हे 45 दिवस नेमके जुलैच्या झडीत संपतात, काळ्या रानात ट्रॅक्टर घालायची सोय नसते. त्यापेक्षा जुलैअखेर वाफसा (मशागतीजोगी ओल) बघून पेरा, गाडणी सप्टेंबरच्या मध्यावर येते आणि लागणीला वेळही उरतो. जूनमध्येच रान झाकायचं असेल तर मूग करा, शेंगा तोडून घ्या आणि पाला गाडा, खत थोडं कमी पण हातात चार पैसे येतात, मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

बियाणं तागाचं एकरी 20-25 किलो. पाणी साचतंय किंवा जमीन चोपण (क्षारानं घट्ट झालेली) आहे तिथं ताग नको, धैंचाच पेरा, तो तग धरतो. रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र धरणारे जीवाणू) 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं आणि सावलीत वाळवायचं, त्याच हातानं बुरशीनाशक लावू नका. पेरताना एक बॅग सुपर फॉस्फेट द्या, गाठी धरायला स्फुरद लागतं. युरिया अजिबात नको, आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचा आळस करतं.

महिनाभरानं पाच-सहा रोपं खुरप्यानं मातीसकट काढा, उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलक्या हातानं धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसताच पाला वाढतोय असं समजा.

गाडताना आधी फळी मारून आडवं करा आणि मग नांगर किंवा रोटाव्हेटर, वीतभर खोलीच्या आतच राहू दे, फार खोल गेलं की हवा मिळत नाही आणि कुजायच्या ऐवजी आंबतं. ओल हवीच, पण पाणी तुंबू देऊ नका, तुंबलेल्या रानात नत्र वायू होऊन उडून जातं. लागण लगेच नको, निदान 15-20 दिवस थांबा, ताजा पाला कुजत असताना उसाच्या बेण्याचे डोळे सडवणाऱ्या बुरशीही जोरात असतात.

एकरी सात-आठ टन हिरवा पाला गाडला तर अंदाजे 30 किलो नत्र, म्हणजे दीड बॅग युरियाएवढं. ते सगळं याच उसाला मिळत नाही, त्यामुळे लगेच दीड बॅग कमी करू नका, माती परीक्षणाचा रिपोर्ट बघून ठरवा.

आणि ज्यांचा खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला ऊस) आहे त्यांना ताग कुठला, त्यांनी पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळू नका एवढंच. पाचटात कर्ब फारच जास्त, म्हणून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं कल्चर टाकायचं, वरून पाणी द्यायचं. युरिया इथं पिकासाठी नाही, जीवाणूंसाठी आहे, तेव्हा तो खताच्या हिशोबात धरू नका.