अमेरिकी स्मारक डॉलर जमवताय? या चुका टाळा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुलांसाठी हौसेने घेऊन ठेवलेले चांदीचे स्मारक डॉलर आढळतात. सुट्टीला येणारे नातेवाईक तीच नाणी भेट म्हणून इकडेही आणतात. डबी उघडली की आरशासारखं चकाकणारं नाणं, सोबत टांकसाळीचं प्रमाणपत्र, आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न: "पुढे याचे किती येतील?"

या प्रश्नाचं उत्तर चुकतं, कारण आपण जुन्या नाण्यांचा नियम नव्या नाण्यांना लावतो. एकोणिसाव्या शतकातले चांदीचे डॉलर बाजारात फिरले, झिजले, कोट्यवधींच्या संख्येने वितळवले गेले. जे उत्तम अवस्थेत उरले ते महाग झाले. १९८२ नंतरची स्मारक नाणी मात्र पहिल्या दिवसापासून डबीत बंद आहेत. कोणी ती खर्चत नाही, कोणाच्या खिशात ती झिजत नाहीत. म्हणून किती वर्षं उलटली याला इथे फारसं महत्त्व नाही. हे नाणं नसल्यामुळे कोणाचा संच अडून बसणार आहे आणि असे लोक किती, हे पाहायचं.

सगळ्या 'डॉलर'ना एकाच मापाने मोजणं

पहिली गल्लत इथेच होते. 'स्मारक डॉलर' या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू फिरतात.

पहिली म्हणजे १९८३ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या निमित्ताने सुरू झालेली चांदीची स्मारक नाणी. ही टांकसाळ थेट संग्राहकांना विकते. दर्शनी किंमत एक डॉलर असली तरी विक्रीची किंमत कितीतरी जास्त असते, आणि त्यातला काही भाग (चांदीच्या डॉलरवर बहुधा दहा डॉलर) एखाद्या संस्थेला किंवा स्मारकाला जातो. ती देणगी आहे. पुढे विकताना ते दहा डॉलर कोणी परत देत नाही.

दुसरी म्हणजे २००७ पासूनचे राष्ट्राध्यक्षांचे सोनेरी डॉलर. त्यांत सोनं अजिबात नाही. रंग मँगनीजयुक्त पितळेचा आहे, तांबं ८८.५ टक्के आणि बाकी जस्त, मँगनीज, निकेल. एकट्या जॉर्ज वॉशिंग्टनची नाणी ३४ कोटींहून जास्त पाडली गेली. लोकांनी ती वापरलीच नाहीत, मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत ढीग साचले आणि डिसेंबर २०११ मध्ये चलनासाठी ती पाडणं थांबवलं गेलं. तेव्हा आजोबांनी बँकेतून आणलेला पंचवीस नाण्यांचा रोल आजही पंचवीस डॉलरच्या आसपासच आहे. वर सोन्याचा मुलामा चढवून किंवा रंगीत चित्र छापून खासगी कंपन्या हीच नाणी लाकडी पेटीत घालून विकतात. तो मुलामा काही मायक्रॉनचाही नसतो, आणि संग्राहकाच्या नजरेत ते बिघडवलेलं नाणं ठरतं.

तिसरी म्हणजे '१७७६–१९७६' अशी दुहेरी तारीख असलेला आयसेनहॉवर डॉलर. आकाराने मोठा, हातात भारदस्त, त्यामुळे भारतात तो हमखास चांदीचा समजला जातो. बहुतेक नाणी तांबं-निकेलची आहेत आणि त्यांची संख्या कोट्यवधींत आहे. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीने काही नाणी ४० टक्के चांदीची काढली, पण त्याच टांकसाळीची 'एस' खूण असलेली तांबं-निकेलची प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारख्या चकाकीची पाडलेली) नाणीही आहेत, म्हणजे नुसती खूण पाहून भागत नाही. सोनाराच्या काट्यावर ठेवा. साधं नाणं २२.६८ ग्रॅम भरतं आणि चांदीचं २४.५९ ग्रॅम. कडेला तांब्याची लालसर रेघ ठळक दिसली तर बहुधा काट्याचीही गरज पडणार नाही.

'मर्यादित संख्या' या शब्दांवर विसंबणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

१९८६ चा स्वातंत्र्यदेवतेचा चांदीचा डॉलर घ्या. तेव्हा देशभर उत्साह होता, पुतळ्याची शताब्दी होती, एलिस आयलंड या न्यूयॉर्कजवळच्या जुन्या स्थलांतर केंद्राच्या जीर्णोद्धारासाठी पैसा उभा राहत होता. ६४ लाखांहून जास्त प्रूफ नाणी विकली गेली. चाळीस वर्षं होत आली तरी ती घरोघरी पडून आहेत, आणि बाजारात त्यांना जवळजवळ चांदीचाच भाव मिळतो. सगळ्यांना आवडलं, सगळ्यांनी घेतलं, सगळ्यांनी जपलं. मग नव्या ग्राहकाने जास्त पैसे कशासाठी मोजावेत?

याच्या उलट घडलं अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत टांकसाळीने सोनं, चांदी आणि तांबं-निकेल मिळून सोळा रचना बाजारात आणल्या, प्रत्येक प्रूफ आणि साध्या अशा दोन रूपांत. संग्राहक कंटाळले, पाकिटं रिकामी झाली. १९९६ च्या पॅरालिंपिक डॉलरची साधी आवृत्ती फक्त १४,४९७ विकली गेली. उंच उडी, टेनिस आणि नौकानयन यांच्या साध्या आवृत्त्याही पंधरा-सोळा हजारांच्या घरातच राहिल्या. आज पूर्ण मालिका जमवणाऱ्याला ही नाणी लागतातच, म्हणून १९८६ च्या नाण्यापेक्षा ती कित्येक पटींनी महाग आहेत. या अतिरेकाचा परिणाम म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये कायदा करून १९९९ पासून वर्षाला दोनच विषय आणि चांदीच्या डॉलरसाठी पाच लाखांची मर्यादा घातली.

आता कोणी म्हणेल, तर मग कमी विकलेलं नाणं शोधायचं. तेवढंही पुरत नाही. २००७ च्या लिटल रॉक शाळेच्या वर्णभेदविरोधी लढ्याचं स्मारक नाणं साध्या रूपात ६६ हजारांच्या आसपासच विकलं गेलं. २००१ चा बायसन डॉलर मात्र पाच लाखांची पूर्ण मर्यादा काही आठवड्यांत संपवून बसला. संख्या पाहिली तर लिटल रॉक वरचढ ठरायला हवं. तरीही बायसनलाच जास्त किंमत येते, कारण जेम्स अर्ल फ्रेझरची १९१३ च्या निकेलवरची (म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावरची) ती रचना अमेरिकी माणसाच्या मनात घर करून आहे, आणि स्मारक नाणी न जमवणाराही ते एक नाणं मागतो. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण मालिकेतली सर्वांत कमी खपलेली नाणी, किंवा मालिकेबाहेरच्या लोकांनाही हवी असलेली नाणी, या दोनच जागी धातूपेक्षा जास्त भाव टिकण्याची आशा धरावी. मधलं सगळं आवडीसाठी घ्यावं.

प्रूफ चकाकतं म्हणून लोक तेच घेतात, आणि साधी आवृत्ती मागे पडते. पुढे तीच कमी सापडते. एकाच रचनेच्या दोन आवृत्त्या समोर असतील तर दोन्हींचा अंतिम विक्रीचा आकडा पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कायद्यातली मर्यादा पाच लाख असली तरी प्रत्यक्ष विक्री बहुतेक वेळा त्याहून फार कमी असते. मर्यादेचा आकडा वाचून अंदाज बांधणारे इथे चुकतात.

धातूचा हिशोब न करता घेणं

२०१८ पर्यंतच्या चांदीच्या स्मारक डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम आणि चांदी ९० टक्के, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम शुद्ध चांदी. ट्रॉय औंसात (मौल्यवान धातूंसाठीचा ३१.१ ग्रॅमचा औंस) सांगायचं तर ०.७७३४. चांदी औंसाला ३० डॉलर असेल तर नाण्यातल्या धातूची किंमत साधारण २३ डॉलर २० सेंट. भारतात बसून हिशोब करायचा तर किलोच्या दराला ०.०२४ ने गुणा. २०१९ पासून, म्हणजे अपोलो ११ च्या नाण्यापासून, चांदी ९९.९ टक्के झाली, त्यामुळे त्याच वजनात ०.८५९ औंस मिळतं.

हा आकडा म्हणजे नाण्याची तळाची किंमत. विकणारा त्याच्या दुप्पट मागत असेल तर वरची रक्कम कशासाठी, हे स्वतःला विचारा. नवीन नाणं निघाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुनर्विक्रीचे भाव फुगतात. बहुतेक नाणी वर्षा-दोन वर्षांत खाली येतात. घाईने मिळवण्यासारखी थोडीच असतात, जसं २०१५ मधलं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा उलट-प्रूफ (चित्र आरशासारखं, पार्श्वभूमी धूसर) डॉलर असलेला संच, ज्याची मर्यादा अवघी १७ हजार होती.

कडेवरच्या अक्षरांवरून फसणं

राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरवर वर्ष आणि टांकसाळीची खूण कडेवर कोरलेली असते. ही अक्षरं उलटी दिसली की "चुकीचं नाणं" म्हणून ते चढ्या भावाने विकलं जातं. चलनासाठीच्या नाण्यांची कड छापल्यानंतर वेगळ्या यंत्रात कोरली जायची आणि नाणं त्यात कसंही पडायचं. त्यामुळे सुलटी आणि उलटी अक्षरं जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

खरी चूक म्हणजे कड पूर्ण कोरी राहणं. २००७ च्या वॉशिंग्टन डॉलरमध्ये अशी बरीच नाणी बाहेर पडली. मात्र कड घासून अक्षरं उडवण्याचे प्रकारही होतात, म्हणून वजन ८.१ ग्रॅम आणि व्यास २६.५ मिलिमीटर भरतो का ते आधी तपासा.

'७०' च्या आकड्यामागे धावणं

पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाण्यांना सत्तरपैकी गुण देतात. आधुनिक प्रूफ नाणी टांकसाळीतूनच जवळजवळ निर्दोष निघतात, त्यामुळे ६९ गुण अगदी सर्रास मिळतात. ६९ चं नाणं पुष्कळदा साध्या डबीतल्या नाण्याच्या भावाला विकलं जातं आणि तपासणीची फी अंगावर पडते. ७० ला जास्त भाव मिळतो खरा, पण उद्या आणखी हजारो नाणी ७० ठरली की तो भाव ओसरतो. लेबलवरच्या 'फर्स्ट स्ट्राइक' या शब्दांचा अर्थ इतकाच की नाणं विक्रीच्या पहिल्या काही दिवसांत पाठवलं गेलं. ते साच्यातून आधी निघालं याचा तो पुरावा नाही.

घासणं, पुसणं आणि चुकीचं प्लॅस्टिक

दिवाळीच्या भांड्यांबरोबर नाणंही लखलखीत करण्याचा मोह आवरा. पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, यांपैकी काहीही नको. मऊ रुमालानेही प्रूफच्या आरशावर बारीक रेषा उठतात आणि त्या कायमच्या राहतात. चांदीवर हळूहळू चढलेली रंगीत झाक हा दोष नाही. ती तशीच राहू द्या.

हिरवट चिकट थर दिसला तर तो बहुधा पीव्हीसीच्या मऊ पाकिटांमुळे आलेला असतो. त्यावर शुद्ध ॲसिटोन चालतं, हवेशीर जागेत, आगीपासून दूर आणि न चोळता. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात रंग आणि सुगंध असतो. नंतर नाणं कडक कॅप्सूलमध्ये ठेवा. चांदीच्या डॉलरसाठी ३८.१ मिलिमीटरची लागते.

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कपाटातली दमट हवा नाण्याची शत्रू असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद दूरच ठेवा, कारण त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

विकायची वेळ येईपर्यंत कागद हरवणं

मूळ डबी, बाहेरचं खोकं आणि प्रमाणपत्र एकत्र असेल तर विक्री सोपी होते. पण प्रमाणपत्र म्हणजे अस्सलपणाची हमी नव्हे. तेही बनावट छापता येतं. शंका असेल तर वजन आणि व्यास मोजा आणि चुंबक लावून पाहा.

भाव पाहताना विकणाऱ्याने मागितलेली किंमत न पाहता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची किंमत पाहा, आणि त्यातून व्यापाऱ्याचं मार्जिन किंवा लिलावाचं कमिशन वजा करा. अमेरिकेत कर भरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: वर्षभरापेक्षा जास्त काळ ठेवलेली नाणी विकून नफा झाला तर तो 'कलेक्टिबल' म्हणून धरला जातो आणि त्यावर कराचा कमाल दर २८ टक्के आहे, शेअरच्या दीर्घकालीन नफ्यापेक्षा जास्त. खरेदीची पावती नसेल तर किती नफा झाला हे सिद्ध करणंच अवघड होतं. म्हणून प्रत्येक पावतीचा फोटो काढून त्याच नाण्याच्या नावाने ठेवा, आणि भेट मिळालेल्या नाण्याबाबत देणाऱ्याला ते किती रुपयांना किंवा डॉलरना घेतलं होतं हे आजच विचारून लिहून घ्या.