माळव्याच्या काळ्या मातीत डर्ट बाईक: या चुका टाळा

इंदूरजवळचा सिमरोलचा घाट उतरून चोरलच्या कच्च्या वाटांवर पहिल्यांदा गाडी घालणारे बहुतेक जण वेगात पडत नाहीत. गाडी जवळजवळ थांबलेली असते. पाय टेकायला जावं, तर खाली जमीन पायाला लागत नाही, आणि दीड-दोनशे किलोचं धूड सावकाश आडवं होतं. चूक त्या वाटेवर झालेलीच नसते, शोरूममध्ये झालेली असते.

माझी पहिली गाडी मी रुबाब बघून घेतली होती. पहिल्याच रविवारी, पोहे-जिलेबी खाऊन निघालो आणि अकराच्या सुमारास दोन शेतकऱ्यांनी मिळून ती उचलून दिली. म्हणून नवशिक्याला एकच परीक्षा सांगतो: गाडी मातीत आडवी टाका आणि एकट्याने उभी करा. शोरूमवाला हे करू देणार नाही, तेव्हा मित्राची गाडी मागा. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० साधारण १९६ किलोची, हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १६०च्या आसपास. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, तिसऱ्यांदा उचलताना नाही. एक्सपल्सचीच प्रो आवृत्ती घ्यायचा मोह होतो, पण तिच्या सीटची उंची ८९१ मिमी आहे, साधीची ८२५. साडेपाच फुटी माणसाने साधीच घ्यावी. कावासाकीच्या केएक्ससारख्या खऱ्या मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळवायच्या, गाड्या हलक्या असतात, पण त्यांची नोंदणी होत नाही. घरापासून मातीपर्यंत पिकअपमध्ये घालून न्याव्या लागतात, हे आधी घरच्यांना सांगा.

आता माती. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसानंतर चाकाला अशी धरते की विचारू नका. टायरच्या खाचा भरतात, मग चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरते, आणि पुढचं चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी लोक थ्रॉटल पिळतात. मागचं चाक जागेवर खड्डा खणतं, क्लच घासून जळका वास येतो आणि गाडी तिथेच. इंजिन बंद करा, खाली उतरा, काठीने किंवा खुरप्याने माती काढा. खुरपं पाठपिशवीत असू द्या, लोक हसले तरी. पाऊस थांबल्यावर दोन दिवस कडक ऊन पडू द्या, किंवा मुरमाची वाट धरा. आणि वाट सोडून सोयाबीनच्या शेतात चाक घालू नका. त्या भांडणात तुमची बाजू घेणारा कुणी सापडणार नाही. राखीव जंगलातही परवानगीशिवाय शिरू नका.

गाडी मातीत सारखी घसरत असेल तर आधी टायरची हवा बघा. डांबरी रस्त्यासाठी भरलेली २५-२८ पीएसआय हवा तशीच ठेवून लोक चालवतात आणि दोष टायरला देतात. १८-२०पर्यंत उतरवा. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिमखाली चेपते. ट्यूबचा वॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर टायर रिमवर सरकतोय असं समजा. वॉल्व्ह तुटायच्या आत हवा सोडून ट्यूब सरळ करा. पंप सोबत हवाच, कारण परत डांबरावर येताना हवा पुन्हा भरायची असते.

उभं राहून चालवताना कंबर दुखते अशी तक्रार हमखास येते. त्यात कंबरेचा दोष कमी, हँडल खाली असण्याचा जास्त. हँडल जरा पुढे फिरवा, लिव्हर इतके खाली झुकवा की उभं असताना मनगट सरळ राहील. फूटपेगवरचं, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यावरचं, रबर काढून टाका, ओल्या बुटाखाली ते साबणासारखं होतं. हँडल आवळून धरू नका. गाडी गुडघ्यांनी धरायची, हात सैल.

चोरल नदी ओलांडताना गाडी पाण्यात बंद पडली, तर स्टार्टर दाबायचा नाही. ही सगळ्यात महागडी चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत काठावर आणा, एअर फिल्टर उघडून बघा, स्पार्क प्लग काढा, मग स्टार्टर फिरवून पाणी बाहेर फेका. नुसती पडून बंद झालेली फ्युएल इंजेक्शनवाली (कार्ब्युरेटर नसलेली) गाडी सुरू होत नसेल, तर बहुतेक पडल्याची नोंद घेणाऱ्या सेन्सरने इंजिन बंद केलेलं असतं. चावी बंद करून पुन्हा चालू करा. यासाठी मिस्त्रीला फोन लावणारे मी पाहिलेत.

घरी आल्यावर काळी माती त्याच संध्याकाळी धुवा, वाळली की विटेसारखी होते. फक्त प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि साखळीवर थेट मारू नका.