जुना ट्युबा नेमका कुठलं मॉडेल आहे हे कॅटलॉगवरून कसं ओळखायचं

जुन्या बाजारात नाहीतर बंद पडलेल्या एखाद्या बँड पार्टीच्या माळ्यावर लंडनचा जुना बास (ट्युबालाच बँडवाले बास म्हणतात, खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) सापडला की लोक सगळ्यात आधी ब्रासो घेऊन बसतात. प्लीज नको. बेलवरची, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावरची, अक्षरं आधीच झिजलेली असतात, उरलीसुरली तुम्ही घालवता. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं, बास झालं.

मग बेलचा व्यास आणि एकूण उंची मोजून लिहून ठेवा.

आता बेलवरचं कंपनीचं नाव. नुसतं बूझी अँड कंपनी किंवा नुसतं हॉक्स अँड सन असेल तर माल १९३० च्या आधीचा, कारण त्या साली दोन्ही कंपन्या एक झाल्या, दोन्ही नावं जोडून असतील तर त्यानंतरचा. बेसॉनचं तसं नाही, ती कंपनी १९४८ मधे बूझी अँड हॉक्सकडे गेली तरी नाव चालूच राहिलं, त्यामुळे नुसतं नाव बघून वय सांगू नका.

कॅटलॉग उघडल्यावर 'ट्युबा' शोधत बसू नका. जुन्या इंग्लिश कॅटलॉगमधे तो बहुतेक वेळा बॉम्बार्डन किंवा नुसता बास म्हणून असतो, ई फ्लॅट आणि त्याहून खालच्या सुराचा डबल बी फ्लॅट वेगवेगळे. कुठला ते कळत नसेल तर ई फ्लॅटची मूळ नळी साधारण १३ फूट आणि डबल बी फ्लॅटची १८ फूट धरा, दोन्ही शेजारी ठेवले तर चुकायला होत नाही.

आणि आता खरी अडचण, चित्र. सगळे सांगतात की चित्राशी जुळवा, आणि हाच सल्ला सगळ्यात वाईट आहे. त्या काळी चित्राचा ठसा कोरून घ्यायला पैसे लागायचे म्हणून एकच ठसा वर्षानुवर्षं आणि दोन-तीन मॉडेल्सना चालवायचे. मी एक ई फ्लॅट बास असाच चित्रावर विश्वास ठेवून घेतला, नळीचं वळण न् वळण जुळत होतं, दुर्मिळ कॉम्पेन्सेटिंग मॉडेल (जादा नळ्यांनी खालचे सूर नीट लावणारं) मिळालं म्हणून तसे पैसे मोजले, घरी येऊन पिस्टन (बोटांनी दाबायच्या व्हॉल्व्हमधले दट्टे) काढले तर साधाच निघाला. फार लागलं मनाला. कारण नंतर कळलं, कॉम्पेन्सेटिंगच्या जादा नळ्या व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला असतात आणि कॅटलॉगमधलं चित्र समोरून काढलेलं असतं, मग दोन्ही सारखेच दिसणार ना.

म्हणून बास उलटा करा आणि मागून बघा. ही कॉम्पेन्सेटिंग पद्धत बूझीच्या ब्लेकलीने १८७४ मधे पेटंट केली. चार व्हॉल्व्हच्या बासमधे चौथा दाबला की हवा पहिल्या तीन व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरून येते, तिथे छोट्या जादा नळ्या असतात, त्यामुळे खालचे सूर चढे लागत नाहीत. तीन व्हॉल्व्हवाल्यात हेच काम तिसरा करतो. म्हणजे पिस्टन लांब आणि भोकं जास्त असलीच पाहिजेत. पिस्टन बाहेर काढून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, विकणारा काढू देत नसेल तर तिथून निघा.

बेलवरही पूर्ण भरवसा नको. चेपलेली बेल बदलून दुसऱ्या बासची लावणं हे दुरुस्तीवाल्यांचं रोजचं काम, मग नाव एकाचं आणि अंग दुसऱ्याचं. माझं स्पष्ट मत, व्हॉल्व्हवरचा नंबर (बहुतेक वेळा दुसऱ्या व्हॉल्व्हवर) हाच खरा साक्षीदार, बेल नंतर.

अजून एक, इंग्लंडचे ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत, म्हणजे ए हा सूर साधारण ४५२ हर्ट्झला धरून वाजवायचे. नंतर ४४० ला आणायला कित्येक बासच्या नळ्या वाढवल्या, त्यामुळे मेन स्लाइड (सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायची मुख्य नळी) कॅटलॉगपेक्षा लांब भरली म्हणून मॉडेल चुकलं असं समजू नका. जोड दिलेली जागा बोटाने चाचपली की लागते.

शेवटी नंबर. बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह २००४ पासून लंडनच्या हॉर्निमन म्युझियमकडे आहे, कारखान्याच्या जुन्या वह्यासुद्धा तिथेच, त्यावरून साल निघतं. फक्त नंबर ज्या कंपनीचा त्याच कंपनीच्या वहीत बघा, बूझी, हॉक्स, बेसॉन सगळ्यांची मोजणी वेगळी होती आणि तोच आकडा दुसऱ्याच्या वहीत भलत्याच साली येतो.